निकलॉस मोठा की टायगर?

गेल्या दिवाळीत आमच्या अटलांटाच्या घरी फराळाला आठ-दहा मंडळी जमली होती. चकलीचं ताट दोनदा फिरलं, विमानाच्या तिकिटांचे भाव बोलून झाले आणि मग कुणीतरी गोल्फचा विषय काढला. झालं! आमचे सोळा वर्षांचे चिरंजीव टायगर वुड्सचे भक्त. समोर बसलेले काका १९७८ साली या देशात आलेले. त्यांच्या लेखी गोल्फ म्हणजे जॅक निकलॉस.

"अठरा आणि पंधरा. यात वाद घालण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले.

"काका, तुम्ही नुसते आकडे मोजता. टायगरसारखं कुणी कधी खेळलंय का?" चिरंजीव उसळले.

नाशिकहून आलेले माझे बाबा कोपऱ्यात चिवडा खात ऐकत होते. गोल्फची काठी त्यांनी कधी हातात धरलेली नाही, पण गावसकर मोठा की सचिन, या वादात त्यांची अर्धी हयात गेली आहे. ते शांतपणे म्हणाले, "अरे, आधी हे सांगा, दोघं कुणाकुणाविरुद्ध खेळले?"

त्या प्रश्नाने मला वर्षभर वाचायला लावलं. त्याचा हा हिशेब.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल्फमध्ये दरवर्षी चार मोठ्या स्पर्धा होतात: मास्टर्स, पीजीए, यूएस ओपन आणि ब्रिटनमधली ओपन. यांना मेजर म्हणतात. निकलॉसने १९६२ ते १९८६ या काळात अशा १८ स्पर्धा जिंकल्या. शेवटची मास्टर्स जिंकली तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. शिवाय १९ वेळा तो दुसरा आला, आणि तेही आर्नल्ड पामर, गॅरी प्लेयर, ली ट्रेव्हिनो, टॉम वॉटसन असे एकापेक्षा एक खेळाडू समोर असताना. पंचवीस वर्षं शिखराच्या आसपास राहणं ही साधी गोष्ट नव्हे. काकांचा पहिला मुद्दा मान्य.

आता चिरंजीवांची बाजू. सन २००० मध्ये पेबल बीचला टायगरने यूएस ओपन १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली. तो पारपेक्षा १२ फटके खाली होता आणि दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू पारपेक्षा ३ फटके वर! जगातले उत्तम खेळाडू, तेच मैदान, तोच वारा, आणि एकाच माणसाचा खेळ निराळा. त्यानंतर त्याच वर्षी ओपन आणि पीजीए, आणि एप्रिल २००१ मध्ये मास्टर्स. चारही मेजर एकाच वेळी त्याच्याकडे होत्या. ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी पाहून आपण जसे गप्प होतो, तसंच हे.

पण नुसती मेजर मोजायची तर आमच्या अटलांटाचा बॉबी जोन्स कुठे ठेवायचा? पेशाने वकील. पैशासाठी कधी खेळला नाही. १९३० साली त्याने अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांच्या ओपन आणि हौशी स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि वयाच्या २८व्या वर्षी स्पर्धात्मक खेळ सोडला. त्या काळी हौशी स्पर्धाही मेजर धरत, म्हणून त्याच्या नावावर १३ होत्या. आजच्या मोजणीत उरतात ७. मास्टर्स त्याला जिंकता आली नाही म्हणावं, तर ती स्पर्धा त्यानेच १९३४ मध्ये सुरू केली! माणूस तोच, खेळ तोच, फक्त मोजपट्टी बदलली.

बेन होगनचीही तीच गत. १९४९ साली त्याच्या मोटारीला बसने समोरून धडक दिली. हा पुन्हा चालेल की नाही अशी शंका होती. सोळा महिन्यांनी त्याने यूएस ओपन जिंकली. १९५३ मध्ये मास्टर्स, यूएस ओपन आणि ओपन अशा तीन मेजर एका वर्षात घेतल्या. चौथी खेळताच आली नाही, कारण पीजीए आणि ओपनच्या तारखा एकमेकींवर येत होत्या. त्याच्या नऊपैकी सहा मेजर अपघातानंतरच्या आहेत. हे कुठल्या तक्त्यात मांडायचं?

साहित्याचाही प्रश्न आहेच. जोन्सच्या हातात हिकरी लाकडाच्या दांड्याच्या काठ्या होत्या, निकलॉसच्या ऐन भरात पोलादी दांडे आणि लाकडी डोकी, आणि आज टायटॅनियम. म्हणून फटका किती लांब गेला याची तुलना व्यर्थ. तुलना करायचीच तर आपल्या काळातल्या इतरांपेक्षा कोण किती पुढे होता, हीच करता येते.

इथे मला पुन्हा बाबांचा प्रश्न आठवला: कुणाकुणाविरुद्ध? आणि मग कोण मैदानात नव्हतं, याची यादी सुरू झाली.

अमेरिकेच्या पीजीए संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी होतं. चार्ली सिफर्डसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूची उमेदीची वर्षं त्या दारावर थाप मारण्यात गेली. आमच्याच शहरात बॉबी जोन्सच्या नावाचा सार्वजनिक कोर्स आहे. १९५१ साली टप होम्स नावाचा उत्तम कृष्णवर्णीय गोल्फर आणि त्याच्या घरच्यांना तिथून परत पाठवलं गेलं. ते कोर्टात गेले आणि १९५५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन जिंकले. आज शहरातल्या दुसऱ्या एका कोर्सला टप होम्स यांचं नाव आहे. मी त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन, पण हा माणूस कोण हे मला माहीत नव्हतं.

आणि आपल्याला जवळचा वाटावा असा पापवा सेवगोलम. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या गरीब घरातला हा कॅडी. काठी धरायची पद्धत साऱ्या जगाच्या उलटी. त्याने तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये डर्बनला नाताळ ओपन जिंकली, तेव्हा क्लबहाउसमध्ये पाऊल ठेवायची त्याला परवानगी नव्हती. गोरे खेळाडू आत होते आणि विजेत्याला बक्षीस मिळालं बाहेर, पावसात. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेयरला मागे टाकलं. पुढे सरकारने त्याचं मोठ्या स्पर्धांत खेळणंच बंद केलं. त्याच्या मेजर किती? शून्य. हा शून्य त्याचा की त्याला रोखणाऱ्यांचा?

१९७५ च्या एप्रिलमध्ये ली एल्डर मास्टर्स खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टायगरचा जन्म झाला. १९९७ मध्ये एकवीस वर्षांच्या टायगरने ती स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकली, तेव्हा एल्डर तिथे पाहायला आला होता.

माझा कौल विचाराल तर, कारकीर्द निकलॉसची आणि सर्वोत्तम खेळ टायगरचा. त्यातही टायगरच्या वेळी दारं बरीच उघडलेली होती, अनेक देशांचे आणि वर्णांचे खेळाडू समोर होते. फिजीत जन्मलेल्या भारतीय वंशाच्या विजय सिंगने तर २००४ मध्ये त्याच्याकडून पहिला क्रमांकही हिसकावला. म्हणून माझं पारडं किंचित टायगरकडे झुकतं. जोन्सच्या काळाबद्दल मात्र मी इतकंच म्हणेन, की जेवढे खेळू दिले त्यांच्यात तो सर्वांत मोठा होता.

बाबा परत जाण्याआधी आम्ही तिघं त्या बॉबी जोन्स कोर्सवर गेलो. नातवाने आजोबांना काठी धरायला शिकवली. दोन वेळा चेंडू जागचा हलला नाही. तिसऱ्या वेळी बाबांनी सरळ कव्हर ड्राइव्हच मारला. मग चिरंजीवांनी विचारलं, "आजोबा, त्या पापवाने काठी उलटी धरली म्हणजे नक्की कशी?" आणि दोघं खाली डावा हात, वर उजवा हात करून बराच वेळ प्रयत्न करत राहिले.

या दिवाळीलाही काका येणार आहेत. वाद होणारच. तुम्हीही या, चकल्या भरपूर केल्या आहेत.