रानडुकरासाठी कोणती गोळी? आणि ती झाडायची परवानगी आहे का?

समजा, एकलहऱ्यातल्या तुमच्या मक्यात रात्री रानडुकरं शिरली. बंदुकीचा परवाना आहे, मग घालायची का गोळी? नाही. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायलाही वन विभागाची लेखी परवानगी लागते. (गंमत म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतो, रायफलचं नाही.)

आता गोळी. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या ‘व्हार्मिंट’ गोळ्या हलक्या, पातळ आवरणाच्या असतात आणि लागताच फुटतात. कोल्ह्याएवढ्या प्राण्याला त्या पुरतात. डुकराच्या जाड कातडीत मात्र त्या वरवरच फुटू शकतात. मग जखमी डुक्कर उसात दडतं आणि सकाळी तिथेच कुणीतरी पाणी द्यायला जातं. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी उलट आरपार निघते.

मधला पर्याय सॉफ्ट नोज: टोकाला शिसं उघडं, आत शिरल्यावर पसरणारं. आपल्याकडच्या ३१५ बोअर रायफलला ही चालते.

पण नेम चुकला, तर रायफलची कुठलीही गोळी किलोमीटरच्या पुढे जाते. एकलहऱ्यात मळ्यांपलीकडे वस्ती आहे, औष्णिक वीज केंद्र आहे. त्यामुळे नेम मचाणावरून, खाली मातीच्या दिशेनेच हवा.