पानांचा कागद : भांडवल घालण्यापूर्वी हिशेब पाहा

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हापासून कागदी पिशव्या व खोकी बनवण्याकडे अनेकांचे लक्ष वळले. झाडांच्या पानांपासून कागद करण्याची चर्चाही आमच्या कापडबाजारात होते. 'पाने फुकट मिळतात, म्हणजे नफाच नफा', असा काही तरुण बांधवांचा समज आहे. घरची पुंजी यंत्रात अडकवण्यापूर्वी त्यांनी हा हिशेब जरूर वाचावा.

हातकागद हा आपल्याकडचा जुना हुन्नर आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागजी मंडळी पिढ्यान् पिढ्या कागद करीत. त्यांचा कच्चा माल मात्र पाने नव्हता. जुने दोरखंड, गोणपाट आणि चिंध्या हा होता. यामागे कारण आहे. कागद म्हणजे पाण्यात मोकळे करून पुन्हा एकमेकांत गुंतवलेले तंतू. तंतू लांब व चिवट असेल तरच कागद टिकतो. आंबा, निंब, पिंपळ यांच्या पानांत असा तंतू फार थोडा. नुसत्या त्या पानांचा कागद घडी घालताच तुटतो.

कामाची पाने दोन. एक घायपात, ज्याचे दोर वळतात, दुसरे अननस. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे अननसाच्या बागा आहेत, तर घायपात शेताच्या बांधावर अनेक ठिकाणी दिसते. पण वजनाचा हिशेब पाहा. घायपाताच्या १०० किलो ओल्या पानांतून सुका तंतू निघतो ३ ते ४ किलो. अननसाचा २.५ ते ३.५ किलो. बाकी सारे पाणी आणि गर. म्हणजे पाने फुकट मिळाली तरी तोडणी व गाडीभाडे फुकट नाही. म्हणून तंतू शेताजवळच काढावा, सुकवावा आणि मगच कारखान्यात आणावा.

पुढची रीत अशी : तंतूचे इंचभर तुकडे करून रात्रभर भिजवावेत. सुक्या तंतूच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका धुण्याचा सोडा पाण्यात घालून, तंतू बोटांनी सहज सुटेपर्यंत काही तास उकळावा. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे नको. सोडा ते खातो. हातात रबरी मोजे असावेत. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून, कुटून लगदा करावा. हौदात लगदा पाण्यात ढवळून जाळीच्या चौकटीवर ताव उचलावा, कापडावर उलटावा, दाबून पाणी काढावे व वाळवावा. शाई फुटू नये म्हणून खळ द्यावी. सोड्याचे पाणी विहिरीत किंवा नाल्यात सोडू नये. त्याची सोय आधी करावी.

नुसत्या पानांच्या तंतूपेक्षा त्यात सुती कातरण मिसळणे आम्हाला फायद्याचे वाटते. शिलाई कारखान्यांत कातरणीचे ढीग पडतात. सुताचा तंतू जवळजवळ शुद्ध असतो, त्याला उकळण्याची मेहनत कमी लागते. पण खरेदी करताना फसू नये. टेरिकॉटच्या कातरणीतील पॉलिएस्टरचा लगदा होत नाही. परीक्षा सोपी आहे : धागा जाळून पाहावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख ठेवतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. गठ्ठ्याच्या वरची नव्हे, मधली चिंधी जाळावी.

आता गिऱ्हाईक कोण? वह्या आणि झेरॉक्सचा कागद यांत गिरणीशी टक्कर देऊ नये. हाताचा ताव जाड, कमीजास्त जाडीचा. भावातही तो गिरणीपुढे टिकत नाही. लग्नपत्रिका, भेटवस्तूंची खोकी, अत्तराच्या पेट्या, ईदची पाकिटे, दुकानाच्या मजबूत पिशव्या येथे मात्र तोच खडबडीतपणा शोभा ठरतो आणि त्याला दाम मिळतो.

जयपूरजवळ सांगानेरला कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्था आहे. यंत्र घेण्यापूर्वी तेथील काम पाहून यावे. आधी दोन किलो तंतूचे नमुने घरी करावेत, ते पाच दुकानदारांना दाखवावेत आणि मागणी लेखी घ्यावी. कर्ज व व्याज टाळायचे असेल तर दोघा-तिघांनी भागीदारीत लहान सुरुवात करावी.

शेवटचे एक. मालात कातरण किती आणि पान किती, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगूनच विकावे. 'शंभर टक्के पानांचा' म्हणून चिंधीचा कागद विकला तर चार पैसे जास्त मिळतील, पण रोजीतील बरकत जाईल.