तापवणे आणि उपसणे : सिद्धेश्वरच्या घरातल्या कार्बनचा हिशेब

दिवाळीत विजेची काटकसर म्हटली की सगळ्यांचे लक्ष आधी दारावरच्या दिव्यांच्या माळेकडे जाते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. साधी एलईडी माळ आठेक वॅटची असते. ती रोज सहा तास, सलग सात दिवस लावली तरी युनिटच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त वीज लागत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे पंधरा लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला ३०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे विजेच्या हिटरवर सुमारे ०.३५ युनिट. एका माणसाच्या अभ्यंगस्नानाला जेवढी वीज लागते, तेवढ्यात आठवडाभर दार उजळते. पाच माणसांच्या घरात हिवाळ्याचे चार महिने रोज प्रत्येकी एक बादली धरली, तर एकूण २१० युनिट होतात. आपल्या देशातल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीवरून दिसते. त्या हिशेबाने केवळ आंघोळीचे पाणी दीडशे किलोच्या आसपास पोचते. घरातल्या कार्बनबद्दल जे सल्ले आपल्या वाचनात येतात ते बहुतेक शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात: खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवा, चार्जर काढून ठेवा, एसी २४ अंशांवर ठेवा. हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरसारख्या गावात या सल्ल्यांतून फारसे काही हाती लागत नाही. तिथे घराचा खरा भार दोनच कामांत असतो, काहीतरी तापवणे आणि पाणी उपसणे. सवयी बदलायच्या तर तिथून सुरुवात करावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

सिद्धेश्वर हे औंढा नागनाथ तालुक्यातले पूर्णाकाठचे गाव. गावाच्या नावाचे धरण इथे आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यात येलदरीचे मोठे धरण. दोन्ही एकाच पूर्णा प्रकल्पाची. येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. त्यामुळे या भागात एक आक्षेप हमखास निघतो: आमची वीज पाण्याची, मग आम्ही कोळशाचे पाप का मोजायचे? हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. पण वीज गावच्या तारेत नसते, ती राज्याच्या जाळ्यात जाते. येलदरीचे संच धरणातून पाणी सोडले तेवढेच फिरतात. सिद्धेश्वरच्या एखाद्या घरात हिटर लागला म्हणून धरण जास्त पाणी सोडत नाही. वाढलेली मागणी भागवते ते औष्णिक केंद्र, आणि एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. उलट इथे एक युनिट वाचले तर तेवढा कोळसा कुठेतरी कमी जळतो. मराठवाड्याने तर या कोळशाची दुसरी बाजूही पाहिली आहे. परळीचे औष्णिक केंद्र २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. वीज करायला पाणी लागते आणि पाणी उपसायला वीज, हे नाते इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

तापवण्यात पहिला मान स्वयंपाकघराचा. गावात गॅस आणि चूल दोन्ही नांदतात. चहा, फोडणी, पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर. भाकरी आणि आंघोळीचे पाणी बहुधा चुलीवर किंवा बंबावर. इंधन म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. यावर युक्तिवाद असा होतो की तुराटीतला कार्बन मागच्या वर्षी हवेतूनच आला होता, तो परत हवेत गेला तर बिघडले काय? कार्बन डायऑक्साइडपुरते हे बरोबर आहे. पण साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीत इंधन पुरते जळतच नाही. जळणाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला मिळते, आणि अर्धवट जळलेल्या काड्यांतून काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन निघतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता अडवतो. काजळी आधी चूल फुंकणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या अशा धुराने जगभर ३२ लाख माणसे दगावली. म्हणून गॅस खनिज इंधन आहे एवढ्या कारणाने कोणाही बाईला परत चुलीकडे वळवणारा पर्यावरणवाद मला मान्य नाही. १४.२ किलोचे सिलिंडर जाळल्यावर साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वर्षाला सात-आठ सिलिंडर धरले तरी तो आकडा लाज वाटावी असा नाही. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: आजच्या कोळशाच्या विजेवर तापवलेल्या पाण्यापेक्षा गॅसवर तापवलेल्या पाण्याचा भार कमी पडतो, कारण औष्णिक केंद्रात कोळशाची जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता वाया गेलेली असते.

मग सवय कुठली बदलायची? डाळ भिजवून कुकरला लावायची. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनने (पीसीआरए) गृहिणींसाठी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार उघड्या भांड्याऐवजी कुकर वापरला तर भातात २० टक्के आणि भिजवलेल्या हरभरा डाळीत ४६ टक्के इंधन वाचते. उघड्या भांड्यात उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून काही साधत नाही, पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. वाफ मात्र जास्त निघते. पाणी तापवायला मराठवाड्याचे ऊन आहेच. छपरावर सौर बंब बसवणे परवडत नसेल, तर काळी टाकी दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी आंघोळ करणे हेही मोठे काम आहे. जिथे लाकडाचा बंब आहे, तिथे तो उघड्यावरच्या पातेल्यापेक्षा कितीतरी बरा. त्याच्या मधल्या नळीतून धूर वर जाता जाता आजूबाजूचे पाणी तापवतो.

गोठा असलेल्या घराला याहून चांगली वाट आहे, ती गोबरगॅसची. तीन-चार जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचे संयंत्र चालते आणि नीट चालले तर महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडरांचे काम करते. शिवाय संयंत्रातून उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. गावोगावी बंद पडलेली संयंत्रे दाखवून लोक म्हणतात की हे चालत नाही. ती बंद पडली हे खरे आहे. जनावरे विकली गेली, टाकीला तडे गेले, आणि रोज शेण कालवायचे काम घरातल्या बाईच्याच वाट्याला आले. या कारणांवर उपाय आहेत. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले आणि त्यासाठी २००६ साली संस्थेला ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेण कालवण्याच्या कामात पुरुष वाटेकरी होणार नसेल, तर मात्र कोणतेही तंत्र टिकायचे नाही.

मळीचा उल्लेख सहज केला नाही. शेतकऱ्याच्या घराचा हिशेब उंबरठ्याशी थांबत नाही. युरियाचे एक पोते ४५ किलोचे. मातीत पडल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट घातक आहे. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची (आयपीसीसी) सर्वसाधारण गृहीतके लावली तर एका पोत्याचा भार दोन ते तीन गॅस सिलिंडरांइतका भरतो, आणि कारखान्यातला खर्च त्यात धरलेला नाही. वसमत-औंढ्याच्या पट्ट्यात हळद हे मुख्य नगदी पीक आहे आणि तिला खत सढळ हाताने घातले जाते. तिथे माती तपासून मात्रा ठरवली तर सगळ्या घरातले दिवे वर्षभर बंद ठेवण्यापेक्षा अधिक साधेल. हळद शिजवण्याचेही तसेच. उघड्या कढईत पाण्यात उकळण्यापेक्षा बॉयलरच्या वाफेवर ड्रममध्ये शिजवलेली हळद कमी जळणात आणि कमी वेळात होते, आणि शेतकऱ्यांनी हा बदल पर्यावरणाचा उपदेश न ऐकताच स्वीकारला आहे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. लिटरभर पेट्रोलमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेल्या एसटीत माणशी भार मोटारसायकलच्या निम्म्याहून कमी पडतो. घरातल्या उपकरणांपैकी पंख्याचे तेवढे लक्षात ठेवावे, कारण तो काही तापवत नाही पण फार वेळ फिरतो. ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी तीस वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला आणि वर्षातले आठ महिने रोज पंधरा तास चालवला, तर १६० युनिट वाचतात. ज्याचे मासिक बिल साठ-सत्तर युनिटांचे आहे त्याने सौर छपराआधी पंख्याचा विचार करावा.

सगळ्यात जड आक्षेप न्यायाचा आहे. भारतीय माणूस सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. सिद्धेश्वरचा अल्पभूधारक तर भारतीय सरासरीच्याही खाली असणार. त्याने का काटकसर करावी? दुसऱ्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई म्हणून त्याने काहीही करू नये, हे मी निःसंकोच म्हणेन. श्रीमंत देशांवरची आणि आपल्याकडच्या श्रीमंतांवरची जबाबदारी त्याच्या बादलीत ओतता येणार नाही. पण वर सांगितलेल्या यादीत त्याने सोडावे असे काहीच नाही. धूर, खताचे पैसे, जळणाची पायपीट, यांतले काहीतरी कमीच होते. आणि हवामानाचा फटका इथे आधीच बसतो आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यातली उभी पिके पुरात गेली.

उरले उपसणे, आणि इथे आकडा सगळ्यात मोठा आहे. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार युनिटांहून जास्त वीज घेतो. सहा तास चालला तर पंचवीस युनिट. नऊ वॅटचा दिवा रोज सात तास लावला तर तेवढ्या विजेवर वर्षाहून अधिक काळ जळेल. तीनशे फुटांच्या बोअरमधून हजार लिटरची टाकी भरायला अर्ध्या युनिटाहून अधिक वीज जाते, म्हणून अंगणात वाहून जाणारी टाकी ही वाहून जाणारी वीज असते. डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या बहुतेक पंपांना ऑटोस्विच लावलेला असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, रान भिजले असो वा नसो. सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की दाब कोसळतो, डीपी जळते, आणि मग आठवडाभर कोणालाच पाणी नाही. ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा असे महावितरण वारंवार सांगते. शेतकऱ्याचे उत्तरही खरे आहे: वीज रात्री दोनला येणार असेल तर अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत बांधावर कोणी जायचे? एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे बिलाचा धाकही नाही. इथे सवयीला व्यवस्थेची जोड लागते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मोल त्यातच आहे. दिवसा वीज मिळाली की माणूस स्वतः पंपाजवळ उभा राहू शकतो आणि ऑटोस्विचची गरजच संपते.

सिद्धेश्वरच्या कालव्याचे पाणी मात्र उताराने येते, त्याला एक युनिटही लागत नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने गरजेपेक्षा जास्त पाळ्या घेतल्या की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या चारीत पाणी पोचत नाही, आणि तो बोअर पाडून कोळशाच्या विजेवर उपसा करतो. म्हणजे वसमतकडच्या एखाद्या बोअरवर जळणारी वीज वरच्या चारीच्या फुटलेल्या दारातून सुरू झालेली असते. राज्याच्या २००५च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना मोजून पाणी घेण्याचा आणि आपसात वाटण्याचा हक्क दिला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी तो कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून संस्था काढून हे करून दाखवले. पाळी सुरू होण्याआधी चारीतला गाळ काढणे, दार नीट बसवणे, आपली पाळी झाली की पाणी पुढे सोडणे, ही कामे घरातल्या माणसांचीच आहेत, आणि रब्बीची पहिली पाळी दिवाळीनंतरच सुटते.