परदेशस्थांचा कैवार
इ. स. १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात हिंदी मजुरांनी उसाचे मळे फुलविले. परंतु १९४६ साली तेथील सरकारने कायदा करून हिंदी लोकांस ठराविक भागांबाहेर जमीन घेण्यास व राहण्यास प्रतिबंध केला. हिंदुस्थानने हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेले. हा आमचा अंतर्गत प्रश्न, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे पडले. तथापि श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांनी बाजू मांडल्यावर ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने हिंदुस्थानच्या बाजूने ठराव संमत केला.

ठरावाने अन्याय तत्काळ टळला नाही. वर्णभेदाचे राज्य १९९४ पर्यंत चालले. परंतु परक्या भूमीतील दुर्बळांविषयी जगाने जाब विचारावा, ही रीत पडली. त्याच वाटेने १९६५ साली वंशभेद-निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

बालमित्रहो, परगावाहून आलेला सोबती वर्गात एकटा बसतो काय, हे पाहणे मात्र आपल्याच हाती आहे.