टचस्क्रीन लॅपटॉपची त्रिविध परीक्षा

चिकित्सालयासाठी नवा संगणक घ्यावा काय, आणि घ्यावयाचाच तर तो टचस्क्रीनचा असावा काय, हा प्रश्न अलीकडे वैद्यबंधूंच्या भेटीगाठींत वारंवार निघतो. त्याला तसेच कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला नियमित मोफत सुरक्षा अपडेट देणे थांबविले. आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर याच प्रणालीचे, आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक आहेत व त्यांतील पुष्कळसे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. नवा संगणक पाहण्यास दुकानात जावे, तर विक्रेता पुढे करतो तो बारीक अंगाचा, दीड किलो वजनाचा, पडद्यावर बोट लावताच चालणारा लॅपटॉप. किंमत साधारण साठ ते ऐंशी हजार रुपये. ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही.

आम्ही मुदखेड येथील आमच्या चिकित्सालयात असा एक मध्यम किमतीचा लॅपटॉप सहा महिने, त्यात संपूर्ण उन्हाळा धरून, रोजच्या कामास लावून पाहिला. पडदा १४ इंची, रॅम १६ जीबी, साठवण ५१२ जीबी, बॅटरी ५० वॉट-तास आणि पडदा पूर्ण मागे वळेल अशी बिजागरी, असे त्याचे स्वरूप. कंपनीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेख जाहिरात नव्हे, आणि या किमतीच्या यंत्रांचे गुणदोष कंपनी बदलली तरी बहुतांशी तेच राहतात. वाग्भटाचार्यांनी रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तीन मार्गांनी करावयास सांगितली आहे. त्याच क्रमाने या यंत्राचा विचार करणे आपणा सर्वांस सोयीचे होईल.

दर्शन

पडद्याचे परीक्षण दुकानातील मंद दिव्यांत करू नये. आपल्याकडील बहुतेक चिकित्सालयांचे दार रस्त्याकडे उघडे असते व दुपारी त्यातून प्रखर उजेड आत येतो. टचस्क्रीनचा पडदा बहुधा काचेसारखा चकचकीत असल्याने त्यात दार, खिडकी व आपला स्वतःचा चेहरा दिसू लागतो. पडद्याची प्रकाशमानता 'निट' या एककात सांगितली जाते. ३०० निट हे आम्ही किमान मानतो, ४०० असल्यास उत्तम. २५० निटचा चकचकीत पडदा दारासमोर ठेवल्यास अक्षरे वाचताना डोळे ताणावे लागतात.

दुसरी गोष्ट रंगांची. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी अनेक कंपन्या '४५ टक्के एनटीएससी' या प्रतीचा पडदा वापरतात. त्यात तांबडा रंग फिका व मळकट दिसतो. हिशेब लिहिणाऱ्यास त्याने काही बिघडत नाही. परंतु कुष्ठ, श्वित्र किंवा विसर्पाच्या रुग्णाचे पहिल्या भेटीचे छायाचित्र दोन महिन्यांनंतरच्या छायाचित्राशी ताडून पाहणाऱ्या वैद्याचे बिघडते. त्वचेचा वर्ण हेच जेथे लक्षण आहे, तेथे 'शंभर टक्के एसआरजीबी' असा स्पष्ट उल्लेख असलेलाच पडदा घ्यावा. छायाचित्रेही शक्यतो एकाच जागी, एकाच उजेडात घ्यावीत. अन्यथा उत्तम पडदाही निरुपयोगी होय.

स्पर्शन

बोटाने चालणारा संगणक ही कल्पना नवी नाही. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८३ साली एचपी-१५० हा असा संगणक बाजारात आणला होता. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने ती लॅपटॉपवर रुळविली. मात्र उभ्या पडद्याला सतत हात लावणे शरीरास मानवत नाही, हा आक्षेप ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्येच जाहीरपणे घेतला होता. वैद्यास तो समजावून सांगण्याची गरज नाही. आधाराविना पुढे उचललेला हात दिवसातून शेकडो वेळा वापरला, तर अंसप्रदेश व मन्या यांवर काय परिणाम होईल हे आपण जाणतोच. सबब नेहमीच्या लेखनासाठी कीबोर्ड व माउस हेच खरे. टचस्क्रीन हे त्यांचे पूरक होय, पर्याय नव्हे.

मग टचस्क्रीनचा उपयोग कोठे? आमच्या अनुभवात तो तीन ठिकाणी ठळकपणे दिसला. पहिला उपयोग रुग्णास दाखविण्याचा. पडदा मागे वळवून यंत्र टेबलावर तंबूसारखे उभे केले व क्ष-किरण चित्र दोन बोटांनी मोठे करून दाखविले, की गुडघ्याच्या सांध्यातील अंतर कसे कमी झाले आहे हे रुग्णास तत्काळ उमगते. दुसरा उपयोग रुग्णाकडून जाणून घेण्याचा. आमच्याकडे मराठीबरोबरच दखनी व तेलुगू बोलणारेही रुग्ण येतात. फुलांच्या शेतात वाकून काम करणाऱ्या स्त्रियांना कंबरेपासून उतरणारी कळ शब्दांत सांगता येतेच असे नाही. शरीराच्या आकृतीवर बोट फिरवून त्या ती बरोबर दाखवितात, व ती रेघ तशीच नोंदीत राहते. तिसरा उपयोग लेखणीचा. कीबोर्ड बडवीत असताना वैद्याची नजर पडद्यावर खिळते. यंत्र टेबलावर आडवे ठेवून लेखणीने टिपणे घेतल्यास कागदावर लिहिल्याप्रमाणे रुग्णाकडे पाहत बोलता येते. मात्र लेखणी सोबत मिळते की वेगळी घ्यावी लागते, आणि तळहात टेकला असताना पडद्यावर भलत्या रेघा उमटत नाहीत ना, हे दुकानातच लिहून पाहावे. येथे एक सावधगिरी हवी. हस्ताक्षरातील टिपण हे यंत्राच्या लेखी केवळ चित्र असते. रुग्णाचे नाव, दिनांक व व्याधिनिदान ही तीन तरी टंकलिखित असलीच पाहिजेत. नाहीतर पुढे शोध घेता येत नाही.

स्पर्शाचे काही दोष आपल्या व्यवसायाशी विशेष निगडित आहेत. हा पडदा बोटातील सूक्ष्म विद्युतभारामुळे चालतो. हात ओले असल्यास तो भलतीकडे प्रतिसाद देतो, जाड हातमोज्यांतून बहुधा देत नाही. अभ्यंगानंतर तेलकट बोटांनी हाताळल्यास काचेवर तवंग बसून अक्षरे अंधुक होतात. पंचकर्म कक्षात हे यंत्र नेऊच नये. पुसण्यासाठी किंचित ओलसर मऊ कापड पुरेसे आहे. हात निर्जंतुक करण्याचे द्रव थेट पडद्यावर फवारू नये.

ऊष्मा, वीज आणि चूर्णाची धूळ

मराठवाड्यातील उन्हाळा हा या परीक्षेतील कठीण भाग. बहुतेक कंपन्या वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस सांगतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांपलीकडे जातो. बारीक अंगाच्या यंत्रात उष्णता बाहेर टाकण्यास जागा कमी असते. दुपारी वातानुकूलनाविना काम करताना आमचे यंत्र मंदावत असे व पंख्याचा आवाज नाडीपरीक्षणाच्या वेळी जाणवण्याइतका वाढे. यंत्राखाली हवा खेळेल असे स्टँड ठेवावे, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते कधीही ठेवू नये, आणि दिवसभर विजेला जोडलेले राहणार असल्यास बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरण्याची सोय सुरू करावी. उष्णता व सदैव पूर्ण भरलेली अवस्था, या दोहोंच्या संयोगाने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते.

वीज गेल्यावर यंत्र किती तास चालेल याचे गणित सोपे आहे. बॅटरीच्या वॉट-तासांना यंत्राला लागणाऱ्या वॉटने भागावे. ५० वॉट-तासांची बॅटरी सात वॉट खर्चात सात तास चालते. पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढविल्याने तोच खर्च दहा वॉट झाला, तर पाच तास. सकाळचा बाह्यरुग्ण विभाग त्यात पार पडतो. संध्याकाळच्या कामासाठी मध्यंतरी बॅटरी भरावी लागते.

चूर्णाची धूळ हा आपला खास शत्रू. यंत्राचा पंखा बहुधा खालून हवा ओढतो. खलबत्ता किंवा चूर्णयंत्र याच खोलीत असल्यास काही महिन्यांतच आतील जाळीवर थर बसतो. यंत्र त्यापासून दूर ठेवावे व वर्षातून एकदा जाणकाराकडून आतून साफ करून घ्यावे.

प्रश्न

विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. रॅम नंतर वाढविता येते काय? बारीक यंत्रांत ती बहुधा मूळ पट्टीवर डाखलेली असते, म्हणून आरंभीच १६ जीबी घेणे श्रेयस्कर. यंत्र टाइप-सी जोडणीवरून भरता येते काय? तसे असल्यास चार्जर बिघडल्यावर दुसरा सहज मिळतो. कीबोर्डवर काढा सांडला किंवा पडदा फुटला, तर हमीत बसते काय? साध्या हमीत हे बसत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि टचस्क्रीनची काच बदलणे साध्या पडद्यापेक्षा महाग पडते. कंपनीचा कारागीर आपल्या पिनकोडवर घरी येतो काय, की यंत्र घेऊन आपणासच शहर गाठावे लागते? मुदखेडसारख्या गावी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या वेगापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते. उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

मराठी लेखनाचीही चाचणी तेथेच घ्यावी. स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे अशी इन्स्क्रिप्ट रचना विंडोजमध्ये अंतर्भूत आहे. रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणारा कीबोर्डही मायक्रोसॉफ्टने २०१९ पासून दिला आहे. 'द्राक्षासव', 'त्र्यूषण', 'कुऱ्हाड' असे शब्द स्वतः टंकून पाहावेत. ज्यांची जुनी टिपणे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांनी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसल्यास त्या नोंदी निरर्थक चिन्हे होऊन बसतात.

औषधालयचालकांसाठी

काउंटरवरील बिले, साठा व मुदत यांच्या नोंदी हे काम टॅली किंवा मार्ग यांसारख्या प्रणालींवर चालते व त्यांचा वेग कीबोर्डवरील कळांतच आहे. तेथे टचस्क्रीनचे प्रयोजन आम्हास दिसले नाही. साधा संगणक, मोठा पडदा व बारकोड वाचक ही योजना स्वस्त आणि टिकाऊ होय. चूर्णांची मुदत आसवारिष्टांच्या मानाने पुष्कळच कमी असते. मुदत संपत आलेल्या मालाची यादी दरमहा निघू लागली, तरी संगणकाचा खर्च सार्थकी लागतो.

लॅपटॉप घेणारच असाल, तर बिलाचा विचार करावा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ७०,००० रुपयांच्या बिलात सुमारे १०,७०० रुपये कराचेच असतात. औषधालय नियमित पद्धतीने नोंदणीकृत असून यंत्र त्याच व्यवसायासाठी असल्यास या कराची वजावट मिळू शकते. बिलावर जीएसटी क्रमांक मात्र असला पाहिजे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ती मिळत नाही, आणि वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने केवळ चिकित्सा करणाऱ्या वैद्यासही नाही. आपल्या कर-सल्लागारास खरेदीपूर्वी विचारावे.

यंत्रात काय साठणार?

या सर्व विवेचनाचा खरा हेतू येथे येतो. गावोगावचे वैद्य तीस-तीस वर्षे चिकित्सा करतात, हजारो रुग्णांना गुण येतो, परंतु त्याची नोंद वहीत राहते आणि वही वाळवीच्या किंवा रद्दीच्या वाटेला जाते. जे राहते, तेही एकसारखे नसते. एकाच सांधेदुखीस एक वैद्य आमवात लिहितो, दुसरा संधिगतवात, तिसरा वातरक्त. अशा नोंदींची मोजणी होऊ शकत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये 'नमस्ते' पोर्टल सुरू करून आयुर्वेदीय व्याधींना प्रमाणित संज्ञा व संकेतांक दिले. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागाचे नवी दिल्लीत प्रकाशन झाले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानांना स्थान मिळाले. संकेतांक उपलब्ध आहेत. उणीव आहे ती ते रोज लिहिणाऱ्या हातांची.

नोंदी ठेवल्या की त्यांचे रक्षणही आलेच. पडदा रुग्णाकडे वळविताना आधीच्या रुग्णाचे नाव त्यावर उघडे राहता कामा नये. यंत्रास बोटाच्या ठशाचे कुलूप व साठवणीस सांकेतिक संरक्षण असावे. अंकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. परंतु रुग्णाचे गुह्य राखणे हा वैद्याचा धर्म त्याहून पुष्कळ जुना आहे. दर आठवड्यास एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती चिकित्सालयाबाहेर ठेवावी.

निष्कर्ष

सारांश, जो वैद्य रुग्णास समजावून सांगतो, छायाचित्रे ठेवतो व लेखणीने टिपणे घेतो, त्याने वळणाऱ्या पडद्याचा टचस्क्रीन लॅपटॉप अवश्य घ्यावा. त्यासाठी लागणारे जादा काही हजार रुपये वाया जात नाहीत. ज्यास केवळ लेखन, हिशेब व पत्रव्यवहार करावयाचा आहे, त्याने साधा पडदा घेऊन तोच पैसा अधिक रॅम, चांगली बॅटरी व घरपोच सेवेच्या हमीत घालावा. औषधालयाच्या काउंटरसाठी आमचे मत प्रतिकूल आहे. यंत्र कोणतेही घ्या; पहिल्या दिवसापासून निदान पाच रुग्णांची नोंद प्रमाणित संज्ञेसह त्यात करावी, एवढी आमची नम्र विनंती. वर्षभरात त्या दीड हजाराच्या घरात जातील, आणि पुढील परिषदेत आपणास काही सांगावयाचे असेल, तर त्यास आधार असेल.