शंका आणि अधिकार

यंत्र निर्दोष असलें म्हणजे प्रवास निर्धोक झाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ता. २७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यांत, दोन सुस्थितींतील बोइंग ७४७ विमानें धांवपट्टीवरच एकमेकांवर आदळलीं व ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. अनुज्ञा मिळण्यापूर्वींच एका अनुभवी कप्तानानें उड्डाण आरंभिलें होतें. दुसरें विमान अद्यापि पट्टीवर तर नाहीं ना, ही शंका त्याच्या सहकारी अभियंत्यानें बोलूनहि दाखविली. कप्तानानें ती तत्काळ झटकून टाकली. पुढें वैमानिकांच्या शिक्षणांत, कनिष्ठानें निर्भयपणें बोलावें व ज्येष्ठानें ऐकावें, हा पाठ दृढ झाला.

फळ्यावरील आमची चूक दाखवूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हींहि कित्येकदां ‘खालीं बैस’ म्हटलें आहे. तेथें केवळ गणित चुकलें, हें आमचें सुदैव! वाचकहो, घरांतील लहानाची शंका आधीं ऐकून घ्यावी.