रविवार संपल्यावरची उपासना

तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्या ख्रिस्ती मित्राला विचारून बघा, ‘तुमची उपासना कधी असते?’ तो बहुतेक रविवारची वेळ सांगेल. मराठी चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनासभेला ‘उपासना’च म्हणतात. गायन, बायबलवाचन, प्रवचन, आशीर्वाद. तास-दीड तासात सगळं आटोपतं. पण मग सोमवारचं काय? सकाळी लोकलमधले धक्के, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री अर्धवट राहिलेली असाइनमेंट. या सगळ्याचा देवाशी काही संबंध आहे का?

गंमत म्हणजे, बायबलच्या जुन्या कराराची भाषा असलेल्या हिब्रूत ‘अवोदा’ हा एकच शब्द कष्टाच्या कामालाही वापरतात आणि देवाच्या उपासनेलाही. पुढे संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं, त्याच्या बाराव्या अध्यायात तो सांगतो, तुमचं शरीरच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. शरीर म्हणजे तेच, जे अलार्म बंद करून परत झोपतं, रांगेत उभं राहतं, भांडी घासतं. म्हणजे उपासनेची जागा फक्त चर्च नाही, अख्खा दिवस आहे.

ऐकायला छान आहे. पण हे जगायचं कसं?

आम्लेट उलटवणारा ब्रदर

सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये निकोलस हर्मन नावाचा एक तरुण होता. सैन्यात असताना जखमी झाला आणि कायमचा लंगडू लागला. नंतर नोकर म्हणून राहिला, तर स्वतःच सांगायचा की मी इतका धांदरट, की हातात येईल ते फोडायचो. १६४०च्या सुमारास तो पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात दाखल झाला आणि ‘ब्रदर लॉरेन्स’ झाला. त्याला काम मिळालं स्वयंपाकघरात आणि नेमकं तेच त्याला अजिबात आवडायचं नाही! तरी त्याने तिथे पंधरा वर्षं काढली.

तिथेच त्याला एक गोष्ट उमगली. चॅपलमध्ये गुडघे टेकल्यावर देव जितका जवळ असतो, तितकाच तो भांड्यांच्या खणखणाटात, चार जण एकदम चार गोष्टी मागत असतानाही असतो. तव्यावरचं आम्लेट उलटवायचं तेही त्याच्या प्रेमापोटी. त्याची पत्रं आणि संभाषणं त्याच्या मृत्यूनंतर (१६९१) पुस्तकरूपात आली. ‘द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड’ या नावाने ती आजही वाचली जातात.

यातलं ‘प्रॅक्टिस’ महत्त्वाचं आहे बरं का. त्याला हे एका दिवसात जमलेलं नाही. सुरुवातीची साधारण दहा वर्षं त्याने मनाची बरीच ओढाताण सोसली. मन भटकायचंच. पण भटकलं म्हणून तो स्वतःला कोसत बसला नाही. लक्षात आलं की शांतपणे परत यायचा. अभ्यासाला बसल्यावर दर पाच मिनिटांनी फोन उचलणाऱ्या आपल्यासारख्यांना यात घेण्यासारखं बरंच आहे.

केडगावचा छापखाना

पॅरिस फार लांबचं वाटतंय? मग पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला चला. पंडिता रमाबाई तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटल्या असतील. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुलींना आणलं आणि केडगावचं ‘मुक्ती’ उभं राहिलं. तिथे प्रार्थना होती, तशीच शेती, विणकाम आणि छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि जेमतेम वाचता येणाऱ्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबल उतरवलं. ते छापायचं काम आश्रमातल्या स्त्रियांनी केलं. खिळे जुळवणाऱ्या त्या बोटांची उपासना कुठे संपत होती आणि काम कुठे सुरू होत होतं, सांगता येईल?

पण एक मिनिट...

‘काम हीच पूजा’ हे वाक्य तुम्हाला फुकटात राबवून घेणाऱ्या इंटर्नशिपवालाही ऐकवू शकतो. तिथे सावध राहा. ज्या बायबलमध्ये काम पवित्र आहे, त्याच बायबलमध्ये सातव्या दिवशी थांबायची आज्ञा आहे आणि त्या दिवशी नोकराला, दासीला, अगदी बैलालाही सुट्टी द्यायची आहे. थांबणं हासुद्धा उपासनेचाच भाग आहे.

आणि आमोस संदेष्टा तर आणखी कडक बोलतो. गरिबाला तुडवायचं आणि वर सण, अर्पणं, गाणी थाटात करायची? देवाला असल्या उपासनेचा तिटकारा आहे, आधी न्याय वाहू द्या, असं तो ठणकावतो. म्हणजे स्टेटसला बायबलचं वचन आणि कँटीनमध्ये टेबल पुसणाऱ्या पोऱ्यावर अरेरावी, हे चालणार नाही. कुठल्याच धर्मात चालू नये, खरं तर.

तुम्ही ख्रिस्ती असाल, दुसऱ्या धर्माचे असाल किंवा देव मानतच नसाल, एक प्रयोग करून बघा. या आठवड्यात तुम्हाला सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं एक काम निवडा. जर्नल पूर्ण करणं, आजोबांना दवाखान्यात नेणं, रूमवरची भांडी, काहीही. ते उरकून टाकू नका, कुणासाठी तरी मनापासून करा. मध्येच चिडचिड होईल, मन पळेल. पळू द्या, मग परत या. ब्रदर लॉरेन्सला दहा वर्षं लागली होती, तुमचा तर पहिलाच आठवडा आहे.